आबांचा आंबेमोहर आणि नेपाळचा रस्ता

आमच्या घरात मी संगणकातला जाणकार समजला जातो. ही ख्याती एवढ्यावरच उभी आहे की एकदा सगळ्यांच्या देखत मी बिघडलेला प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला आणि तो चालला. भोरला एका शाळेत मी कारकून आहे. त्यामुळे मार्गासनीच्या थोरल्या वहिनीनं नेपाळला तांदूळ पाठवायचं मनावर घेतलं, तेव्हा दादानं मला रविवारचं जेवायला बोलावलं. मटण बघूनच मी ओळखलं की काहीतरी भरून द्यायचं आहे.

नेपाळ असं एकदम उगवलं नव्हतं. शिवऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात नेपाळी आचारी आहे. गावी जाताना तो दरवर्षी वहिनीकडून इंद्रायणी तांदूळ न्यायचा. तिकडं त्याच्या मामाचं धान्याचं मोठं दुकान. मामाला भाताचा वास आवडला आणि त्यानं एकदम ट्रकभर मागितला. म्हणजे दोन देशांतला व्यापार त्या आचाऱ्याच्या पिशवीतून कधीच सुरू झाला होता, आणि कुणी कुणाला एक कागद मागितला नव्हता.

त्याच सुमाराला तालुक्याला एक शिबिर झालं. एका साहेबांनी पडद्यावर नकाशा दाखवून समजावलं की शेजारच्या देशांनी आपसात बोलून घेतलं आहे, आता सीमेवर कागदांची चळत घेऊन उभं राहायचं नाही. शेत कुणाचं, माल कुठला, कीड आहे की नाही, सगळं आधीच मोबाईलवरून जाईल आणि ट्रक सरळ जाईल. वहिनी पहिल्या रांगेत होती. मी मागं चहाजवळ होतो.

घरी येऊन नोंदणीला बसलो. पाठवणाऱ्याचं नाव विचारल्यावर मी सवयीनं दादाचं टाकायला लागलो. वहिनी म्हणाली, "माझं टाका, भावजी."

दादानं मान डोलावली, पण जरा उशिरा. शेत दादाच्या नावावर, मोटरसायकल दादाच्या नावावर, लाइटबिल तर अजून आमच्या वारलेल्या आजोबांच्या नावानं येतं. तेवीस वर्षं त्या खाचरांत वाकलेल्या बाईचं नाव पहिल्यांदा कशावर तरी आलं. ते पडद्यावर उमटलं तेव्हा तिनं चष्मा मागून घेतला आणि बराच वेळ वाचत बसली. नाव काही लांब नाही.

ऐन कापणीत रानडुकरांनी आमचं एक खाचर झोपवलं. विंझरच्या गिरणीतून तांदूळ भरून आला तेव्हा ठरलेल्या पोत्यांतली बरीच अर्धीच होती. आमच्याकडं वस्तीवरून माल उणा निघत नाही. पंगत असो की बाजाराची गाडी, कमी पडलं की ज्याच्या घरी असेल तो आणून ओततो. मागायचं नसतं आणि आभारही मानायचे नसतात. पुढं कधीतरी त्याचं कमी पडतं, तेव्हा आपण ओततो.

वरच्या वस्तीवरचे आबा त्यासाठीच सकाळी खाली आले. शेळ्या राखणारा म्हातारा माणूस, डोंगराच्या कडेला भाताचा एक तुकडा. त्यांच्या मुलानं पोती टेम्पोतून उतरवली आणि आबांनी आपल्या हातानं आमच्या अर्ध्या पोत्यांवर तांदूळ ओतला. वहिनीनं मूठभर उचलून वास घेतला.

"आबा, ह्यो तर आंबेमोहर हाय. तुमच्या घरी खायचा."

"मग नेपाळातल्या मानसांनी काय वाईट खायाचं व्हय, पोरी?"

सगळे हसले. पोती शिवली गेली. मी प्रत्येकावर चौकोनी कोडचं स्टिकर लावलं, इतकं सरळ की दादानं सुद्धा तारीफ केली. त्या कोडात वहिनीचं नाव होतं, आमच्या शेताचा नंबर होता आणि वाण म्हणून इंद्रायणी होतं. आबांचं त्यात काही नव्हतं. ते असायला हवं, असं तिथं जमलेल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. ओतलेलं पुन्हा वेगळं मोजायची रीतच नाही आमच्यात.

ट्रक आत येईना म्हणून शिवऱ्यापर्यंत टेम्पोनं माल नेला. ट्रक कात्रजला पोचायच्या आत वहिनीच्या मोबाईलवर परवानगी आली. तिनं ती शेजारच्या चार घरांत दाखवून आणली. पुढच्या हंगामाला आमचंही नाव भरा, असं बायका मला सांगायला लागल्या. मला रस्त्यात थांबवून नमस्कार व्हायला लागले.

सीमेवर नमुन्याला दोन पोती उघडली. इंद्रायणीत दुसरा वाण सापडला. आमच्या तांदळात आमच्यापेक्षा चांगला तांदूळ निघाला, आणि त्याचं नाव पडलं भेसळ. ट्रक अडला, मग परत फिरला. दादानं तिकडंच कुठल्याशा बाजारात माल मिळेल त्या भावानं सोडून दिला. त्याचं दुःख आम्ही दोन दिवसांत गिळलं. पण पोर्टलवर वहिनीच्या नावापुढं लाल खूण आली होती. बायका आता नाव भरायचं काढत नव्हत्या. एकीनं तर म्हटलं म्हणे, हिनं नेपाळलाबी खडे चारले.

खूण काढायची तर दुसरा वाण कुणाचा आणि का मिसळला हे सांगायचं होतं. कारणं तिथंच दिलेली होती, त्यातलं एक निवडायचं: निष्काळजीपणा, भेसळ, फसवणूक. मी खाली-वर करून पाहिलं. शाळेच्या अर्जांत निदान 'इतर' असतं.

वहिनी आबांना विचारायला वर गेली, मीही गेलो. आबांनी सगळं ऐकलं आणि शेळीच्या पायातला काटा काढता काढता म्हणाले, "टाक की माजं नाव. मला कुठं नेपाळला जायाचंय?"

त्यांच्या मते ते पुन्हा एकदा ओततच होते.

वहिनीनं आबांचं नाव दिलं. कारणात निष्काळजीपणा निवडला, तोच त्यातल्या त्यात हलका म्हणून. आठवड्यात तिची खूण गेली. साहेबांचं शिबिरातलं बोलणं खोटं नव्हतं. सगळं झपाट्यानं होतं आणि सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. उन्हाळ्यात आबांच्या मुलानं शेळ्यांच्या गोठ्यासाठी बापाच्या नावानं अर्ज केला. तो फेटाळला गेला. विचारायला गेला तर समोरच्यानं पडदा फिरवून दाखवला. म्हाताऱ्याच्या नावापुढं लाल खूण होती.

मुलगा आमच्या अंगणात आला तेव्हा बसला नाही. पाण्याचा तांब्या तसाच राहिला. आवाज न चढवता तो वहिनीला म्हणाला, "आबांनी घरातला खायचा तांदूळ दिला, काकी. त्यांना अजून कळलं न्हाई तितं काय लिवलंय. म्या सांगनार बी न्हाई."

तो गेल्यावर वहिनीनं मला विचारलं, हे मागं घेता येतं का. मी तपासलं. येत होतं. पण तिनं आपलं म्हणणं बदललं की खूण तिच्या नावापुढं परत येणार होती, आणि यावेळी खोटी माहिती दिल्याचीही. मी तिला हे शक्य तितक्या सपाट आवाजात सांगितलं. ती चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "बघू."

या वर्षी भाताची रोपं लावायला, आवणीला, वरच्या वस्तीवरून कुणी आलं नाही. आम्ही मजुरीनं माणसं लावली. आबा शेळ्या घेऊन आता ओढ्याच्या पलीकडून जातात. कळलं असावं, किंवा मुलानं नुसतंच तिकडून न्या म्हटलं असेल. मागच्या महिन्यात वहिनीचा ट्रक नेपाळला गेला. एका शेताचा, एका वाणाचा. सीमेवर चहा प्यायलाही थांबावं लागलं नाही, असं ड्रायव्हर सांगत होता. पैसे आले, मामाचा फोन आला. तांदूळ चांगला आहे म्हणाला.

वहिनीनं मला जेवायला बोलावलं होतं. पुढच्या खेपेची नोंदणी करायची होती. जेवण झाल्यावर मी फोन उघडला आणि विचारलं, "ते आबांचं..."

"आधी हे भरा," ती म्हणाली.

मी भरलं.