कापसाच्या गंजीखालची झाडं

कोणी गाव विचारलं, बाबांनी "यवतमाळ जिल्हा" म्हटलं आणि समोरच्यानं तोंड बारीक केलं, की बाबांचं डोकं सटकायचं. "बातमीत येते तेवढंच पिकते काय जी आमच्या इथं?" असं ते तोंडावर विचारायचे. लग्नाच्या पंगतीत विचारायचे, एसटीत विचारायचे. माझा तापटपणा थेट त्यांच्याकडून आलाय, त्यात माझा काही दोष नाही.

बाबा मारेगावकडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आता मी तिथंच शिकवते. नोकरीत असेपर्यंत त्यांनी सुट्टीच्या दिवशी सायकलवरून जिल्हा पालथा घातला. कळंबच्या रस्त्यानं, राजूरच्या खाणींच्या अंगानं, नाल्यानाल्यानं फिरून झाडं आणली, दाबून वाळवली, जाड कागदावर दोऱ्यानं शिवली आणि खाली झाडाचं नाव, गाव, कोणाचं वावर, कोणता धुरा म्हणजे बांध, ते लिहून ठेवलं. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. तो कॉलेजच्या लोखंडी कपाटांत डांबरगोळ्यांच्या वासात पडून होता, आणि परीक्षेच्या दिवसांखेरीज तिकडं कोणी फिरकत नव्हतं.

मग देशभरातल्या अशा संग्रहांचं एक जाळं निघालं. प्रत्येक कागदाला बारकोड लावायचा, फोटो काढायचा, माहिती भरायची आणि सगळं वेबसाइटवर सर्वांसाठी खुलं ठेवायचं. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी ऐंशी केव्हाच ओलांडलीय, कान जरा जड झालेत, पण हे बरोबर ऐकू आलं.

"म्हणजे कोणी तिथं यवतमाळ टाकलं, तं?"

"तर तुमची झाडं निघतील बाबा. फुलंच फुलं."

"मंग मी हाय तोवर कर व माय," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण त्या दिवसापासून मी चप्पल काढायच्या आत प्रश्न तयार असायचा. "झालं काय?"

मी आणि माझ्या वर्गातल्या मुलींनी अख्खा उन्हाळा फोटो काढले. कूलर लावला की कागद उडायचे, बंद केला की आम्ही घामानं निथळायचो. तरी मुलींना मजा येत होती, मलाही. फोटोंचा पहिला गठ्ठा पाठवला आणि काही दिवसांनी उत्तर आलं. नमुन्यांवर पांढरी बुरशी दिसते. तिचा बंदोबस्त होईपर्यंत संग्रह जाळ्यात घेता येणार नाही, कपाटंही वेगळी ठेवावीत.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बुरशी? बाबांच्या झाडांना? प्राचार्यांना ती कपाटं आहेत हे आजवर ठाऊक नव्हतं, तेही लगेच जागे झाले. "मॅडम, बाहेर काढा ते. फैलावते ते." मी म्हटलं, सर, आधी मला बघू द्या. ज्या आवाजात म्हटलं, तो ऐकून ते दुसऱ्या कामाला लागले.

खोलीत जाऊन मी आघाड्याचा कागद काढला. खरंच, त्याच्या कुसळांत पांढरे धागे अडकलेले. चिमट्यानं एक धागा ओढला, बोटांत मळला, आणि एकटीच मोठ्यानं हसत सुटले. अहो, ही रूई मी लहानपणभर फ्रॉकवरून वेचलेली! कापूस होता तो, निव्वळ कापूस.

त्याचं असं की हिवाळ्यात आमच्या घरची पुढची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली असायची. भाव चढेपर्यंत गंजी घरातच. आणि हिवाळ्यातच बाबा गठ्ठेच्या गठ्ठे झाडं आणायचे. ती दाबायला कॉलेजकडं लाकडी चौकट एकच, तीही मोडकी. म्हणून बाबा वर्तमानपत्रांत झाडं ठेवून ते गठ्ठे गंजीखाली सरकवायचे, वर फळी टाकायचे, फळीवर पुन्हा कापूस लोटायचे आणि आम्हाला हाक मारायचे, "उडा रे पोट्टेहो!" सगळी गल्ली उड्या मारायला यायची. केसांत रूई, वरणात रूई, अंगाला खाज. आई झाडू घेऊन मागं लागायची. शास्त्राची सेवा इतक्या मनापासून मी पुन्हा कधी केली नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते आधी हसले, मग माझा हात धरून म्हणाले, "कापूस हाय म्हन. गंजीचं सांगू नको."

"काहून?"

"हासतील व. म्हणतील, मास्तरानं लेकरं नाचवले अन् त्याले शास्त्र म्हटलं. मंग एकबी झाड घेतील काय ते?"

त्यांचा चेहरा पाहून मी वचन दिलं. धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून फोटो काढला. कापसाचा तंतू चपटा असतो, फितीसारखा पिळा पडलेला. बुरशीच्या धाग्याला फांद्या फुटतात. फोटो पाठवला, आणि त्या जाळ्याचं काम पाहणाऱ्या ज्या मुलीनं बुरशी म्हटलं होतं तिचा संध्याकाळी घरी, बाबा शेजारी बसलेले असताना, व्हिडिओ कॉल आला. कोकणातली होती. कापूस तिनं देवाच्या वातीत आणि औषधाच्या दुकानात पाहिलेला.

"मॅडम, चुकलंच माझं," ती आधीच म्हणाली, त्यामुळं मी ठरवलेलं सगळं भांडण वाया गेलं. "पण शेकडो कागदांवर कापूस आला कुठून? आणि झाडं इतकी चपटी कशी? फळं तर पार पापड झालीत."

मी बाबांकडं पाहिलं. बाबा छताकडं पाहत होते. मी "ते असं आहे की" एवढं म्हणते तोच आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आली.

"मी सांगतो तुले, पोरी! माह्या घरात कापसाच्या गंजीवर सारे पोट्टे नाचवले या मास्तरानं! अन् ही जे मॅडम बनून बसली नं, हे सगळ्यात जास्त उडे!"

झालं. वचन गेलं चुलीत. फोनवर ती मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. बाबांनी मान खाली घातली. मग त्या मुलीनं डोळे पुसले आणि विचारलं, "सर, तो कापूस कोणता होता?"

"देशी," बाबा पुटपुटले. "आता नाही पेरत कोणी."

"मग मॅडम, एक धागासुद्धा काढू नका. झाडाबरोबर त्या वर्षीचा कापूसही आलाय आपल्याकडं. आणि सर, शेऱ्यात लिहू ना मी? गंजीखाली दाबलं, मुलांनी उड्या मारल्या?"

बाबांनी मान वर केली. "लिही," ते म्हणाले. "पण लेकरं साऱ्या गल्लीचे होते, हेबी लिही." आणि मग स्वतःच असे हसले की आईला पाणी आणावं लागलं.

पावसाळा सरता सरता बाबांची झाडं वेबसाइटवर आली. सकाळी मी फोन त्यांच्या हातात दिला, तर घरात बसून पाहायचं सोडून ते शर्ट घालून नाक्यावर निघाले. मी मागोमाग. टपरीवर चहावाल्याला म्हणाले, "हे घे, यवतमाळ टाक यात." त्यानं ओल्या बोटानं टाकलं. पडदा फुलांनी भरला. त्यानं मधलं एक उघडलं, कुरडूचं, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्याचं.

"अजी मास्तर, हे तं आमच्या धुऱ्यावर हाय!"

"खाली वाच."

त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. कागदाच्या कोपऱ्यात बाबांच्या अक्षरात त्याच्या गावाचं नाव होतं आणि त्याच्या बापाचं वावर.

"तुह्याच धुऱ्यावरचं हाय ते," बाबा म्हणाले. "तुह्या बापाले विचारून तोडलतं."

चहावाल्यानं गॅस बारीक केला, हात गमछ्याला पुसले आणि फोन घेऊन बाकड्यावर बसलेल्या एकेकापुढं जायला लागला. "पाहा, पाहा," तो सांगत होता, "आमच्या वावरातलं हाय."