न झालेली कावीळ

मला आयुष्यात कधीही कावीळ झालेली नाही. तरी तिचं पथ्य मात्र मी अख्खा आठवडा पाळलंय.

लग्नाला पाच वर्षं होऊन गेली, मूल होईना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी एएमएच नावाची रक्ततपासणी सांगितली. "स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय, त्याचा अंदाज येतो," त्या म्हणाल्या. तो 'उरलाय' माझ्या डोक्यात जो बसला, तो बसलाच. (डब्यातल्या तांदळासारखं आपल्या पोटात काहीतरी संपत चाललंय, अशी कल्पना करून बघा!)

आमच्या डहाणूत रक्त दिलं असतं, तर बातमी माझ्याआधी घरी पोचली असती. म्हणून मी आणि नीलेश, म्हणजे माझा नवरा, थेट तलासरीच्या लॅबमध्ये गेलो. सासूबाईंना सांगितलं, विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला चाललोय.

आत पाऊल टाकलं, तर बाकावर रानशेतच्या काकी! नीलेशच्या सख्ख्या चुलती. काकांची शुगर तपासायला आलेल्या.

"अगं, तू इथे कशी?"

"दर्शनाला आलोय," नीलेश म्हणाला. लॅबमध्ये!

तेवढ्यात आतून सिस्टर ओरडली, "एएमएच कुणाचं? एएमएच!"

मी उठले. काकीही उठल्या. "ते काय असतं गं?"

"कावीळ!" मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. समोरच्या भिंतीवर काविळीचं पोस्टर होतं, एवढंच.

सिस्टरने दंडाला पट्टा बांधला. "मूठ आवळा, ताई." मूठ कधीचीच आवळलेली होती. बाहेर काकींचा आवाज चढत होता. त्या फोनवर होत्या.

घरी आलो, तर सासूबाई दारातच. "दर्शनाला म्हणून जाता आणि कावीळ लपवता? डोळे दाखव!" त्यांनी माझ्या पापण्या खाली ओढल्या. "आहे. पिवळी झाक आहे."

आरशात पाहिलं, तर मलाही ती दिसायला लागली!

तेल बंद, मसाला बंद. मला उकडलेला दुधी आणि शेजारी बसून नीलेश बोंबलाचं कालवण भुरकतोय! शेजारच्या हंसाबेन रोज सकाळी उसाचा रस आणायच्या. "भूख्या पेटे पीवानो हां!" मी उपाशीपोटी पीत होते. पण जीव सगळा मोबाइलमध्ये. तो वाजला की मी ग्लास ठेवून धावायचे.

"आला रिपोर्ट?" नीलेश कुजबुजायचा.

"नाही. विजेचं बिल."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. "थोडं कमी आहे. पण म्हणून दिवस राहणारच नाहीत, असं नसतं. फक्त आता उशीर नको, उपचार सुरू करू." मला ऐकू आलं ते एवढंच: कमी.

घरी आले, दुधीसमोर बसले आणि रडूच फुटलं.

"अगं, रडतेस काय? कावीळ उतरते!" सासूबाई म्हणाल्या.

"कावीळ नाहीये हो आई! अंडी कमी आहेत माझी!"

मग सगळंच सांगून टाकलं. नीलेशचा घास हातातच राहिला. सासूबाई उठून माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, संपलं.

"एवढं सगळं एकटीने मनात ठेवलंस?" त्यांनी माझ्यासमोरचा दुधी उचलून नीलेशपुढे सरकवला आणि त्याची कालवणाची वाटी माझ्यापुढे. "आता दवाखान्यात तुझ्याबरोबर मी येणार. हा दर्शनाला जाऊ दे."

मी रडता रडता कालवण खाल्लं. इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसले, तर ताटात चार उकडलेली अंडी.

"आई, हे काय?"

"कमी आहेत म्हणालीस ना? भरून काढायला नकोत?"

समजावून सांगायला मी तोंड उघडलं. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलंय मी, तेही पहिल्या वर्गात! मग दारात उभ्या त्या माउलीकडे पाहिलं, मीठ मागून घेतलं आणि मुकाट्याने चारही अंडी खाल्ली.

न जाणो!