देव्हाऱ्यामागचा खांब

लोकांची घरं बघणं हा माझा धंदा आहे. कर्ज द्यायच्या आधी बँक मला पाठवते. मी घर मोजते, फोटो काढते, भिंती ठोकून बघते आणि घराची खरी लायकी काय ती लिहून देते. वसई-विरारमध्ये हे करता करता मी पन्नाशीला आले. घरांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माणसांबद्दल आहे, आणि ती दरवर्षी वाढते.

मी येणार म्हटलं की लोक आदल्या दिवशी रंग मारतात. ओल्या भिंतीवर मारलेला रंग दुपारपर्यंत पापडासारखा सुटतो, पण तोवर मी जाईन अशी त्यांची आशा असते. उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवून कुबट वास झाकतात. गुडघ्याच्या उंचीवर कॅलेंडर टांगतात आणि वर मलाच विचारतात, मॅडम, खाली वाकून काय बघता? एक महाशय टॉवेलवर दार उघडायला आले आणि सगळं मोजून होईपर्यंत टॉवेलवरच माझ्या मागेमागे खोल्यांतून फिरले. दुसऱ्याने मी आत शिरताच दाराला आतून कडी घातली. कुत्रं बाहेर पळेल म्हणाला. त्या घरात कुत्रं नव्हतं. मी टेप तिथेच टाकून कडी काढली आणि जिना उतरेपर्यंत मागे वळून बघितलं नाही. तेव्हापासून मी दार सताड उघडं ठेवायला लावते. त्यावरही लोक नाक मुरडतात, कारण मग शेजाऱ्यांना आतला पसारा दिसतो.

या सगळ्यातून मी एकच शिकले. घरातली एखादी वस्तू जिथे असायला नको तिथे दिसली, की तिच्यामागे बघायचं.

मनवेलपाड्यातली ती इमारत चार मजल्यांची, बिनलिफ्टची. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. विकणारे गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कपाळावर गंध, अंगात इस्त्रीचा सदरा. घेणारं जोडपं जवळच्याच चाळीतलं. नवरा अंधेरीला कुठेशी कामाला होता आणि बायकोला सातवा महिना होता. शिवाय एक एजंट, तो सारखा घड्याळ बघत होता. मी मोजत असताना ती बाई हॉलभर फिरून मनातल्या मनात सामान लावत होती. "पाळणा इथे," ती नवऱ्याला म्हणाली. "देवाच्या नजरेसमोर."

तेव्हा मी पहिल्यांदा त्या देव्हाऱ्याकडे नीट बघितलं. सागवानी, वर कळस, खाली कपाट, माझ्या खांद्याएवढा उंच. हार ताजा, समई लावलेली. सगळं व्यवस्थित होतं. फक्त ज्या भिंतीला तो टेकवला होता, तिच्या पलीकडे संडास होता.

मी ख्रिश्चन आहे, निर्मळच्या बाजूची. आमच्या घरी क्रूस आणि मेणबत्त्यांचा छोटा आल्तार आहे. तो संडासाच्या भिंतीला लावू या असं मी म्हटलं असतं, तर आईने मला वाडीच्या वेशीपर्यंत पिटाळलं असतं. आणि हिंदूंच्या घरातले देव्हारे मी आयुष्यभर बघत आलेय. जागा नसली तर लोक देवाला फ्रिजवर बसवतील, गॅसच्या सिलिंडरवर फळी टाकून बसवतील, पण संडासाच्या भिंतीला टेकवणार नाहीत. पूर्व कुठली नि पश्चिम कुठली यावरून या माणसांची घरात भांडणं होतात. कपाळाला गंध लावणाऱ्या माणसाने देव तिथे ठेवला, म्हणजे देवापेक्षा मोठी अडचण त्या भिंतीत होती.

"हा देव्हारा जरा पुढे घ्यावा लागेल," मी म्हणाले.

गृहस्थ जवळ आले आणि त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. आडनाव वाचायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ वाचलं. "देव असे हलवत नाहीत, मॅडम. तुमच्यात नसतं हे, म्हणून सांगतो."

"सोडा ना मॅडम," एजंट म्हणाला. "देवाचा मामला आहे, कशाला उगाच लफडं? दोन फोटो मारा नि निघू."

"राहू दे ना," ती बाईही म्हणाली. "आमचं काही म्हणणं नाही."

घर तिचं होणार होतं, पाळणा तिचा होता, आणि म्हणणं मात्र काही नव्हतं. माझं डोकं फिरलं. पण देव्हाऱ्याला मी बोटही लावलं नाही. त्या माणसाला तेच तर हवं होतं. परधर्माच्या बाईने देवाला हात लावला, अशी बोंब मारत तो जिन्यात उभा राहिला असता आणि खरी गोष्ट बाजूला पडली असती. मी बाजूच्या फटीत टॉर्च धरला, मोबाइल आत सरकवला आणि तीन-चार फोटो काढले.

फोटोत प्लॅस्टर नव्हतंच. काँक्रीटचे पोपडे सुटले होते आणि आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या. संडासाचं पाणी किती वर्षं तिथे झिरपत होतं कोण जाणे. खाली सुकलेल्या फुलांवर काँक्रीटचा चुरा पडला होता. आणि ती नुसती भिंत नव्हती. अख्खी इमारत ज्या खांबांवर उभी आहे, त्यातला तो एक होता.

मी फोटो सगळ्यांना दाखवला. गृहस्थ म्हणाले, "ते पूर्वीपासून आहे."

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, की ते कानावर पडलं की दात शिवशिवतात. जणू काही वर्षं भरली की गंजालाही पेन्शन मिळते आणि मग तो कोणाला त्रास देत नाही.

नवऱ्याने दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. मला वाटलं, आता हा त्या माणसाची गचांडी धरेल. त्याने मोबाइल मला परत दिला आणि विचारलं, "मॅडम, हे रिपोर्टमध्ये टाकावंच लागतं का?"

मी टेप गुंडाळला आणि निघाले. ती बाई जिन्यात माझ्या मागे आली, कठड्याला धरून, धापा टाकत.

"तुमचं काय जातं हो?" ती म्हणाली. "तुमचं असेल वाडीत घर, विहीर, केळी-बिळी. आम्ही एका खोलीत सहा जण झोपतो. एवढं एकच घर आमच्या बजेटमध्ये बसलंय."

"अगं, तो खांब आहे. तू पाळणा त्याच्यासमोर लावणार आहेस."

"वर-खाली एवढी माणसं राहतात. ती काय येडी आहेत?"

"हो," मी म्हणाले.

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू तो खांब मीच पोखरला होता. मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. पोटात मूल घेऊन ती त्या मुलाच्या डोक्यावर काय पडणार याची माझ्याशी घासाघीस करत होती, आणि मला तिची किळस आली. आजही ते चुकलं असं मला वाटत नाही.

खाली सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. त्यांना फोटो दाखवला. त्यांनी इकडेतिकडे बघून मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, हे कुठे बोलू नका. बिल्डिंगचे भाव पडतील." पडायला तिथे भावांखेरीज आणखी पुष्कळ काही होतं, पण सेक्रेटरींना ते सुचलं नाही. मी रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं, महापालिकेतही फोटोसकट अर्ज दिला आणि पोचही घेतली. माझ्या बँकेने कर्ज नाकारलं. मग दुसऱ्या बँकेने दुसरा माणूस पाठवला. त्याने देवाला नमस्कार केला आणि कर्ज मंजूर झालं. हे मला त्या एजंटनेच सांगितलं, हसत हसत, एका दुसऱ्या घराच्या दारात.

गेल्या वर्षी पुन्हा त्याच इमारतीत जायची वेळ आली. यादीतला पत्ता वाचून लक्षात आलं नव्हतं, जिना चढताना आलं. दार त्या पाळणावाल्या बाईनेच उघडलं. मॅक्सीवर ओढणी, पायाला बिलगलेली तीन-चार वर्षांची मुलगी. आम्ही दोघींनी एकमेकींना ओळखलं. दोघींनीही दाखवलं नाही.

आता विकणारी ती होती. घेणारं कुटुंब नालासोपाऱ्याहून आलं होतं, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी एक मुलगी. भिंतींना नवा रंग होता. देव्हारा तिथेच होता, संडासाच्या भिंतीला, आणि आता त्याच्यामागे छतापर्यंत नक्षीदार प्लायवूड ठोकलं होतं. वर रंगीत दिवे.

मी मोजायला लागले. स्वयंपाकघरात टेप धरला आणि वर नजर गेली. छताला पाळण्याचा हूक होता. हॉलमध्ये नाही, तिथे, ओट्याच्या आणि फ्रिजच्या मध्ये, जिथे धड वळायला जागा नाही. मुलीची छोटी गादीही तिथेच गुंडाळून ठेवली होती. हॉलमधलं सगळं सामान समोरच्या भिंतीला खेटून होतं आणि देव्हाऱ्यापुढची निम्मी खोली मोकळी होती.

"जेजेला नमस्कार कर, पाहुण्यांना दाखव," घेणारी बाई त्या लहानगीला कौतुकाने म्हणाली.

मुलीने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरूनच हात जोडले.

"जवळ जाऊन कर ना गं."

"तिकडं नाय जायचं," मुलगी म्हणाली. "आई मारते."

तिची आई पटकन म्हणाली, "सोवळं असतं ना आमच्याकडे. मुलांना लांबूनच."

"बघा," ती बाई नवऱ्याला म्हणाली, "याला म्हणतात संस्कार." आणि तिने स्वतःच्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "तू जा. आता आपलंच घर होणार आहे. नीट डोकं टेकव."

ती पोर गेली आणि देव्हाऱ्याला कपाळ टेकवून उभी राहिली. मी मालकिणीकडे बघितलं. तिने वाकून आपल्या मुलीला कडेवर घेतलं आणि दोन पावलं मागे, स्वयंपाकघरात सरकली. दुसऱ्याच्या मुलीला तिने हाक मारली नाही.

मग मीच पुढे झाले आणि त्या मुलीला दंडाला धरून मागे ओढलं. मुलगी घाबरून रडायला लागली. तिची आई माझ्या अंगावर धावून आली. "अहो, देवासमोरून पोरीला ओढता? काही कळतं का तुम्हाला?"

"नाही कळत त्यांना," आतून आवाज आला. ती पाळण्याच्या हुकाखाली उभी होती, मुलगी कडेवर घट्ट. "त्यांच्यात नसतं हे."