यंत्राला वाढलेलं ताट

चित्रकलेचा मास्तर निवृत्त झाला की त्याला दोनच उद्योग उरतात, देवाच्या तसबिरी रंगवणं किंवा लोकांची टवाळी करणं. देवाशी माझं फारसं जमत नाही. त्यामुळे मळमड्डीतल्या आमच्या गल्लीच्या गणपतीत दरवर्षी माझी व्यंगचित्रं लागतात. यंदा मी एआयला धरलं होतं.

रागच आला होता मला. जो तो फोनला विचारून बोलायला लागलेला. एका चित्रात मी एआयला हेडमास्तरच्या खुर्चीत बसवलं, कारण 'मला माहीत नाही' हे वाक्य दोघांच्याही तोंडून कधी निघत नाही. दुसऱ्यात, त्याची यंत्रं थंड ठेवायला म्हणे तळ्याएवढं पाणी लागतं म्हणून, ते तळ्यात गळ्यापर्यंत गार पाण्यात बसलेलं, आणि काठावर गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन नळाची वाट बघताहेत. ही चित्रं चांगली होती. आजही मी त्यांच्या बाजूनं भांडेन.

पण पोट धरून हसावं असं एक तरी हवं, असं वाटलं. म्हणून मी भिंतीपलीकडे कान दिला.

पलीकडे अक्का राहते. माझ्याहून मोठी, एकटी. मुलगा-सून परदेशी. मुलानंच तिला फोनमध्ये बोलणारा एआय घालून दिला होता. आमच्याकडे कानडी असो की मराठी, माणूस भेटला की आधी जेवण विचारायचं. अक्कानं ही रीत यंत्रालाही लावली. दुपारी ताट घेऊन बसली की ऐकू यायचं, "जेवलास काय रे?" यंत्र म्हणायचं, "मी जेवत नाही, पण तुम्ही आज काय केलंत?" मग अक्का शेपूच्या भाजीपासून सुरू करायची.

मी चित्र काढलं. म्हातारी फोनपुढे भाकरीचं ताट ठेवून "लाजू नको, घे" म्हणते आहे आणि फोनला ढेकर आलाय. साडी बदलली, नाकही बदललं. पण दोऱ्यानं बांधलेली चष्म्याची काडी तेवढी ठेवली, कारण ती हातून फार झकास उतरली होती.

मांडवात सगळ्यात मोठा हशा त्याच चित्रापुढे. मी बाजूला फुशारून उभा. आरतीला आलेली अक्का गर्दीतून पुढे झाली, नीट दिसावं म्हणून तिनं चष्मा सारखा केला, आणि काडीवरचा दोरा सगळ्यांनी पाहिला. हसणं एकदम वाढलं. तीही पदर तोंडाला लावून हसली. "बेस काढलंस की रे," म्हणाली आणि आरतीला न थांबता घरी गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी लोक विचारतील म्हणून चित्र मी उतरवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून ताटाचा आवाज येई, अक्काचा नाही. आणखी एक आवाज बंद झालाय, हे कळायला मला वेळ लागला. रोज दुपारी दार लोटताना ती मलाही विचारायची, "ऊटा आतेनो, मास्तर?" म्हणजे जेवलास का. मी कागदावरून मान वर न करता "हूं" म्हणायचो. वर्षानुवर्षं. यंत्र निदान उलट विचारायचं, माझ्याकडून तेही झालं नव्हतं. एकट्या बाईचं बोलणं गोळा करून ही यंत्रवाली मंडळी काय करतात, असं विचारणारं चित्र काढायला हवं होतं. मी त्यांना सोडलं आणि तिला धरलं. ती शेजारी होती आणि उलटून बोलणार नव्हती, एवढंच त्याचं कारण. हे लिहितानाही मान खाली जाते.

विसर्जन झाल्यावर ते चित्र फाडून मी तिच्या दारात गेलो. ती पायरीवर शेपू निवडत बसली होती.

"अक्का, ऊटा आतेन्री?" मी विचारलं. आपणहून, पहिल्यांदाच.

तिनं मान वर केली. चष्मा नवा होता. दोरा कुठेच नव्हता. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिनं अगदी साधेपणानं विचारलं,

"कशाला विचारायला लागलायस रे? परत चित्र काढायचंय काय?"