कॅरियरवरची गादी

दार वाजलं तेव्हा शरयू पोहे भिजवत होती. नेहमीप्रमाणे दोघांपुरते मापून घेतले होते, आणि वर वन्संसाठी आणखी मूठभर. अच्युतला जाऊन महिना होत आला होता, पण हाताला ते अजून कळलं नव्हतं.

"बघ गं, कोण आहे," आतून शैलजावन्संनी हाक दिली. भाऊ गेल्यापासून त्या नागपूरहून येऊन राहिल्या होत्या.

दारात बंडू उभा होता, तोफांच्या फॅक्टरीत अच्युतच्याच सेक्शनमधला. हातात अच्युतची सायकल.

"वहिनी, फॅक्टरीच्या स्टँडवरच उभी होती. लढाईच्या तयारीत डबल शिफ्ट चालली आहे, सुट्टीच भेटून नाही राहिली. आज भेटली, तर म्हटलं चलो, आधी हेच काम करू."

त्याच स्टँडवर, सायकलचं कुलूप काढता काढता, अच्युत छाती धरून खाली बसला होता. तो उठलाच नाही.

दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत या सायकलला सगळे 'शरयूची मोटार' म्हणत. लग्न होऊन ती जबलपूरला आली, त्या कार्तिकात अच्युत म्हणाला होता, "आवळीभोजनाला डुमन्याच्या जंगलात जाऊ."

"आणि गाडी?"

"आहे ना!" म्हणून त्यानं कॅरियर थोपटून दाखवला होता.

तिकडे बस जात नसे. टांगेवाले बिबट्याचं नाव काढून अर्ध्या वाटेतच घोडा वळवत. म्हणून दर कार्तिकात तो पेडल मारायचा आणि ती मागे, मांडीवर डबा धरून. चढ आला की ती उतरायची. सायकल ढकलता ढकलता तो धापा टाकत म्हणायचा, "बाईसाहेब, पेट्रोल संपलं." तलावाकाठच्या आवळ्याची पूजा करायची, त्याच्याच सावलीत डबा उघडायचा. मूलबाळ नव्हतं. वर्षाकाठी त्या दोघांचा असा सण तेवढा एकच.

गेल्या वर्षी परतताना ती कुरकुरली होती, "सळ्या टोचतात हो. पुढच्या वर्षी मी काही यायची नाही." तो नुसता हसला होता. यंदा दसरा झाला तरी त्यानं जंगलाचं नाव काढलं नाही. विसरले, असं तिनं मनाशी धरलं, आणि शेवटचे काही दिवस ती त्याच्याशी धड बोललीही नाही.

"अगंबाई, हे काय?" शैलजावन्सं बाहेर येऊन सायकलीकडे बघत होत्या.

कॅरियरवर गादी बसवलेली होती. जाड निळ्या कापडाची, कडेनं वेडेवाकडे टाके.

बंडू खाली बघत म्हणाला, "अच्युतदादांनी स्वतः शिवली, जेवणाच्या सुट्टीत. आम्ही खूप चिडवायचो. काहून दादा, वहिनीसाठी सिंहासन करून राहिले का? तर म्हणायचे, चूप बसा रे, घरी कोणी बोलू नका. निघायच्या दिवशीच दाखवीन. त्यांच्या लॉकरमध्येच राहिली होती, आज मी बसवून आणली."

शरयू उंबऱ्यावरच बसली. टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. एका ठिकाणी दोरा तुटला होता, तिथं त्यानं गाठीवर गाठ मारली होती.

"ऊठ, शरयू," वन्सं हळूच म्हणाल्या. "आज आवळीभोजन म्हणून महिला मंडळाच्या बायकांनी कुंडीत आवळ्याची फांदी रोवली आहे. दरवर्षी त्या ट्रक करून झाडाखाली जातात म्हणे, पण यंदा ट्रक कुठून मिळणार, सगळे फौजेच्या कामाला. चल, तिथंच बसून दोन घास खा. फांदी काय नि झाड काय, देव एकच."

शरयू उठून आत गेली. पोह्यांना फोडणी दिली. सगळेच्या सगळे डब्यात भरले. बंडूनं चहा संपवून कपबशी खाली ठेवली, तोवर ती डबा घेऊन बाहेर आली होती.

वन्संनी डब्याकडे बघितलं, मग सायकलीकडे. "शरयू, अगं, महिना नाही झाला. गल्लीतली माणसं बघतील."

"बघू देत," शरयू म्हणाली, आणि बंडूकडे वळली.

"भाऊजी, मला या गादीवर बसवून त्या आवळ्यापर्यंत नेऊन आणाल का?"