सरपंचांच्या वाट्याला आलेला पार्ट

“बाईचा पार्ट मीच करीन. नाई तं नाटकच बंद,” सोमाजी म्हणाले आणि लुगड्याची घडी छातीशी धरून समाजमंदिराच्या पायरीवर बसले.

मी ग्रेसकडे पाहिलं. तिला मराठीचा एकच शब्द येत होता, ‘थांबा’. पण सोमाजी अडून बसलेत हे कळायला भाषा लागत नव्हती.

ही सालेकशाकडच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावातली गोष्ट. २००८ च्या सुमाराची. मी गोंदियाच्या एका संस्थेत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर होते. म्हणजे गावात मीटिंगा घ्यायच्या, ऑफिसात रिपोर्ट लिहायचे आणि दोन्हीकडची बोलणी खायची. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका संस्थेशी आमची पार्टनरशिप होती. आमच्या बचत गटाच्या बायका तिकडे जाऊन गट कसा चालवायचा ते सांगायच्या आणि त्यांची नाटकवाली माणसं इकडे यायची. ग्रेस त्यांतली.

तिकडच्या खेड्यांत ती गावकऱ्यांकडूनच नाटकं करून घ्यायची. विषय गावाच्याच एखाद्या अडचणीचा. अडचण गळ्याशी आली की ती नाटक थांबवायची. मग प्रेक्षकांतलं कुणीही म्हणू शकायचं, हे असं नको, मी असतो तर वेगळं केलं असतं. फक्त बसल्या जागेवरून बोलायचं नाही. वर यायचं, जो पार्ट मोकळा असेल तो घ्यायचा आणि करून दाखवायचं. आमच्या धंद्यात याला फोरम थिएटर म्हणतात. गावात आम्ही त्याला ‘थांबाचं नाटक’ म्हणत होतो.

आमचे डायरेक्टर तिवारी सर यांना हे नाटक हात धुण्यावर हवं होतं. “मॅडम, साबुन का मेसेज आना चाहिए, नाखून का भी आना चाहिए,” असं त्यांनी मला जीपमध्ये बसताना बजावलं होतं.

ग्रेसनं गावात पोचल्यावर बायकांना विचारलं, तुमची अडचण कोणती? साबणाचं नाव कुणी काढलं नाही. बचत गटाच्या अध्यक्ष देवकाबाई म्हणाल्या, “आंग धुवाची.”

गावातल्या बायका आंघोळीला तलावाच्या घाटावर जायच्या. पूर्वी त्या बाजूला कुणी फिरकत नसे. मग तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, डांबरी रोड झाला आणि खडी-गिट्टीचे ट्रक सुरू झाले. ड्रायव्हर घाटाजवळ आले की हॉर्न वाजवायचे. बायका मग पहाटे अंधारातच उरकून येऊ लागल्या. देवकाबाईंची सून अशीच एकदा शेवाळावरून घसरली. तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता.

“ग्रामसभेत सांगितलं नाही?” मी विचारलं.

“सांगतलं ना. सरपंच म्हनते, पाहून राहिलो. तवापासून पाहूनच राहिले.”

सरपंचांचं आडनाव पटले. माणूस वाईट नव्हता. त्यांना गावाच्या तोंडाशी स्वागत कमान बांधायची होती, वडिलांच्या नावाची. ग्रामपंचायतीत त्या वर्षी एवढ्या एकाच कामापुरते पैसे होते. कमानीच्या खांबांची आखणी चुन्यानं करून झाली होती.

नाटकाचा विषय ठरला. करायचं कुणी, हे ठरेना. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे एका दिवसाची जत्रा, आणि तिथे दुपारी दंडार हे लोकनाट्य होतं. आमचं नाटकही यंदा तिथेच व्हायचं होतं. दंडारीत बायांचे पार्ट पुरुषच करतात. या गावात तो मान सोमाजींचा. आसपासच्या गावांतही त्यांच्या लाजण्याचं नाव होतं. ते जागा सोडायला तयार नव्हते. आणि बायकाही तयार नव्हत्या.

“लोकायसमोर आमी आंग धुवून दाखवू का?” देवकाबाईंनी विचारलं. मुद्दा बरोबर होता.

मी सगळं ग्रेसला इंग्रजीत सांगितलं. तिनं जरा विचार केला. “मग पुरुषांचे पार्ट बायकांनी करायला कुणाची हरकत आहे?”

मी ते मराठीत सांगितलं.

“सरपंच माहा,” देवकाबाई म्हणाल्या.

पुढच्या पाच मिनिटांत ट्रकच्या ड्रायव्हरचा पार्ट गेला, ग्रामसेवकाचा गेला, चौकात पत्ते खेळणाऱ्या माणसांचेही गेले. इतकी वर्षं या बाया नवऱ्यांना बारकाईनं बघत होत्या हे तालमीत कळलं. खांदा खाजवत ‘चाय आन’ म्हणायची एकीची पद्धत खिडकीतून बघून तिचा नवरा गुपचूप निघून गेला. सोमाजींना आता वेगळीच काळजी. “मंग माह्यासंग एक बी बाई नाई?” ते मला विचारत होते.

तिवारी सरांचा फोन आला. मी रेंज शोधत तलावाच्या पाळीवर उभी होते.

“मॅडम, इसमें हाथ धोना कहाँ है?”

“सर, आंघोळीत हातही धुतले जातात.”

ते म्हणाले, “मैं खुद आऊँगा देखने.”

खरी भीती सरपंचांची होती. ते बिथरले असते तर आमच्या संस्थेला त्या गावात पाणीसुद्धा मिळालं नसतं. मंडईच्या आदल्या दिवशी त्यांनी मला रस्त्यात गाठलं.

“माहा पार्ट कोन करून राहिला?”

“देवकाबाई.”

“तिले धोतर नोको घालू म्हना,” ते म्हणाले. “मी पँट घालतो.”

मंडईच्या दुपारी समाजमंदिरासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर सरपंच आणि तिवारी सर. देवकाबाई नवऱ्याच्या पँटमध्ये, खिशाला पेन, डोळ्यांवर गॉगल. पितळी ताट स्टिअरिंगसारखं फिरवत, सायकलचा भोंगा वाजवत ट्रक आला. सोमाजी लोटा घेऊन घाटावर बसले होते. भोंगा वाजला की पदर सावरत उठायचे, ट्रक गेला की बसायचे, की दुसरा ट्रक. लोक पोट धरून हसत होते. शेवटी सोमाजी ओलेत्यानंच सरपंचाकडे गेले आणि म्हणाले, आडोसा बांधून द्या. देवकाबाईंनी आभाळात न झालेल्या कमानीकडे बघत मान हलवली.

“पाहून राहिलो.”

“थांबा,” ग्रेस म्हणाली.

खरे सरपंच खुर्चीतून उठले होते. “हे खोटं हाय. मी असा नाई बोलत.”

ग्रेसनं हात पुढे करून त्यांना वर बोलावलं. मी नियम सांगितला. सरपंच तावातावानं वर आले आणि देवकाबाईंसमोर उभे राहिले. “सरक वो. माहा पार्ट मी करतो.”

“तो पार्ट मोकळा नाई जी,” देवकाबाई म्हणाल्या. “मी करून राहिली.”

तेवढ्यात सोमाजींनी लुगडं सोडलं. आत त्यांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती. लुगडं सरपंचांच्या हातात देत ते म्हणाले, “माहा मोकळा हाय.” आदल्या आठवड्यात ज्या लुगड्यासाठी सगळं अडवून ठेवलं होतं, ते त्यांनी आता खुशीनं देऊन टाकलं. तिवारी सरांनी कपाळावर हात ठेवला. सरपंच खाली उतरून चालते झाले असते तर सगळंच संपलं असतं. पण सगळी मंडई बघत होती. त्यांनी पँटवरच लुगडं गुंडाळलं.

लोटा घेऊन बसले. भोंगा. उठले. लोक हसले, तेही हसले. बसले. भोंगा. पुन्हा उठले, लुगडं पायात आलं. तिसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

“जाय ना आता,” ते ट्रकवालीला म्हणाले.

“रोड सरकारी हाय,” ती म्हणाली आणि पुन्हा भोंगा वाजवला.

ते देवकाबाईंकडे वळले. “सरपंचजी, आडोसा पायजे.”

“पाहून राहिलो.”

“कवा पाहाल?”

“कमान झाली का पाहू.”

“अवो, बायाइले आंग धुवाले जागा नाई, अना कमान कायले पायजे?”

बोलून गेले आणि थांबले. मंडईतला गलका बसला. मागच्या बाजूला जत्रेतल्या पाळण्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. सरपंचांनी हळूहळू लुगडं सोडलं, नीट घडी घातली आणि सोमाजींना परत दिलं.

“दोनी करू,” ते लोकांना म्हणाले. “कमान बी, आडोसा बी.”

“पयले काय?” देवकाबाईंनी विचारलं. गॉगल अजून डोळ्यांवरच होता.

“पयले आडोसा.”

मागून एक म्हातारी बाई म्हणाली, “मायकात सांग.” ती सरपंचांची आई होती. त्यांनी माइकवर सांगितलं.

न्हाणीघर उन्हाळ्याच्या आत उभं राहिलं. जागा बायकांनी ठरवली, रोडपासून लांब, चिंचेच्या बाजूला. विटा ग्रामपंचायतीच्या, मेहनत गावाची. मोठ्या कमानीला पैसे उरले नाहीत, म्हणून सरपंचांनी न्हाणीघराच्या दारावरच एक छोटी कमान करून घेतली. वर वडिलांचं नाव, खाली मोठ्या अक्षरात ‘स्वागत’. बायकांनी विचारलं, इथं तुमी कोनाचं स्वागत करून राहिले? दुसऱ्या दिवशी त्या शब्दावर चुना मारलेला दिसला. नाव तसंच ठेवलं. सरपंचांची आई तिथे आंघोळीला येते आणि भेटेल त्या बाईला सांगते, बुढ्याच्या नावानं काहीतरी कामाचं झालं.

तिवारी सरांनी रिपोर्टमध्ये ‘वैयक्तिक स्वच्छता’ असं लिहिलं आणि लोटा घेतलेल्या सरपंचांचा फोटो लावला. ग्रेसनं पुढे मलावीहून मेल केला. तिकडच्या गावात आता बायका मुखियाचा पार्ट करतात आणि मुखियाची तक्रार आहे की माझी चाल इतकी वाकडी नाही.

मी त्यानंतर बरीच गावं फिरले, बरीच नाटकं करवली. शिकवायला बोलावतात तेव्हा नव्या पोरी विचारतात, मॅडम, यशाचं कारण काय. मी सांगते, सरपंचाचा पार्ट बाईला द्यायचा. आणि बाई अशी बघायची, की मागितला तरी तो सोडणार नाही.