नागपूर ते चिकलठाणा, एक तास

आमच्या भावकीत आजही म्हणतात की माझा धाकटा भाऊ आईला अग्नी द्यायला पोचला नाही, कारण साहेबाला विमानानंच यायचं होतं. हे खोटं आहे. मी ऐंशी ओलांडली आहे, खरं काय ते लिहून ठेवतो.

मी भूमापनाच्या कचेरीत नकाशे काढायचो. त्या वर्षी हर्सूलचा तलाव तळाला गेला होता, गल्लीत टँकर चार-चार दिवस फिरकत नव्हता, तरी माझ्या टेबलावर रोज एका नव्या वसाहतीचा नकाशा यायचा. अंतराच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, असं घरीदारी सगळे मानत. मीही मानत होतो.

आमच्यात बापाला थोरला अग्नी देतो, आईला धाकटा. आईनं बोलता येत होतं तोवर तेवढंच मागितलं होतं. धाकटा नागपुरात नोकरीला होता. डॉक्टरांनी उद्या दुपारपर्यंतची आशा सांगितली, त्या संध्याकाळी त्यानं तिथल्या एसटी स्टँडवरून फोन केला. तिकीट काढलं होतं, गाडी फलाटाला लागली होती. सकाळी तो घरी असता. मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटरही भरत नव्हतं.

"रात्रभर हाडं खिळखिळी कशाला करतो? सकाळी विमानात बस, तासाभरात इथं चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरशील."

"नक्की ना, दादा?"

"मोजलंय मी."

नागपूरहून इकडं थेट विमान आहे का, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. सकाळी विमानतळावरून त्याचा फोन आला. मुंबईला जायचं, तिथं ताटकळायचं, मग दुसरं विमान, पोचायला संध्याकाळ. आता एसटी धरली तरी त्याहून उशीर.

आई अकराला गेली. आंघोळीचं पाणी शेजाऱ्यांनी दिलं. ऊन असं की बर्फाच्या लाद्या बघता बघता वितळत होत्या. मामा पुन्हापुन्हा विचारत, अजून किती ठेवायचं? मी म्हणत राहिलो, थांबा. चारला ते उठले. "आता नाय थांबता येत." अग्नी मी दिला.

धाकटा आला तेव्हा आम्ही परतून ओसरीवर बसलो होतो. मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय साहेब, एसटीत लई धूळ व्हती का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी बोलावं म्हणून थांबला. मी फरशीकडं बघत राहिलो.

"चुकलं माझं, मामा," तो म्हणाला.

त्यानं पुढंही कधी खुलासा केला नाही. माझ्या घरी मात्र पुन्हा मुक्काम केला नाही. गेल्या महिन्यात मी त्याला फोनवर सांगितलं, सगळ्यांना लिहून कळवतो.

"मामा होते तेव्हा कळवायचं, दादा."

मामा जाऊन खूप वर्षं झाली. त्यांची मुलं अजून लग्नकार्यात त्याला 'विमानवाले साहेब' म्हणून हसतात. हा कागद आधी त्यांच्याकडं पाठवतो आहे.